बोरीची रिकामी दोरी

परत आल्यावर पायरीशी पाय धुवायला वाकले, तर शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून मान उंच करून आधी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्या पिशवीत पाहिलं. "पिल्लू कुठाय?" म्हणाल्या. दिलं नाही, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की जणू परभणी जिल्ह्यानं माझा अपमान करून मला हाकलून दिलं होतं. तेव्हापासून भेटेल तो तेच विचारतो आहे आणि दर वेळी माझं सांगणं अर्ध्यावर राहतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहूनच काढते.

सुरुवात झाली ती फोनवरच्या एका व्हिडिओपासून. काळीभोर जमीन आणि तिच्यावरून पळणारं एक सडपातळ, बदामी रंगाचं कुत्रं. मधेच एक क्षण असा होता की त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले दिसत होते. आमच्याकडे चिपळूणला खंड्या आणि चिमी अशी दोन गावठी कुत्री आहेत. खंड्या पळतो तो फक्त ताटाचा आवाज झाला की, आणि तोही ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत. मी तो व्हिडिओ आमच्या ह्यांना इतक्या वेळा दाखवला की शेवटी ते म्हणाले, एकदाची जाऊन बघून ये, म्हणजे या घरात शांतता होईल. चौकशी करता करता बोरीच्या माणिकरावांचा ठावठिकाणा लागला. जिंतूर तालुक्यातल्या या गावात ते आणि आसपासची काही शेतकरी घरं मिळून शिकारी कुत्र्यांचा क्लब चालवतात. मी फोनवर लिहून पिल्लू विकत मागितलं. उत्तर आलं, "आमी विकत न्हाई. मेळाव्याला या. बघा. मग बोलू." मी बॅग भरली. आदरातिथ्याची परतफेड म्हणून सुक्या बोंबलांची एक जाडजूड पुडी तळाशी घातली. या पुडीचं पुढे जे झालं ते सांगेनच.

सेलू

सेलूच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचं ऊन नुकतं तापू लागलं होतं. स्टेशनाबाहेर पडले तर रस्त्याच्या कडेला, विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, सगळीकडे कापूस अडकलेला. मोंढ्याकडे, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराकडे, जाणाऱ्या टेम्पोंमधून तो उडत होता आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याकडे आंब्याची पेटी फुटून दोन आंबे रस्त्यावर पडले तर गाडी थांबते.

माणिकराव जीप घेऊन आले होते. साठीच्या आतबाहेरचे, उंच, हाडकुळे, खांद्यावर दस्ती टाकलेली. दस्ती म्हणजे मोठा रुमाल, हे मला नंतर कळलं. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक कुत्री ताठ बसली होती. लांब तोंड, लांब मान, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी रेघ. मी पुढचं दार उघडलं तरी ती हलली नाही.

"ही मैना," माणिकराव म्हणाले. "तुमाला बघायला आलीय."

मी मुकाट्यानं मागे बसले. वाटेभर मैना अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघत होती. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई अशाच बघतात. रस्त्यात एका टपरीवर चहा झाला. तिथे माणिकरावांनी मला एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडं मोकळं रान आहे का? मी म्हटलं, रान भरपूर आहे, पण आमचं रान उभं असतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, मधे फणस आणि आंबे. सपाट म्हणाल तर एसटी स्टँड. ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग न्हाई जमायचं ताई. हे पळायचं कुत्रं हाय." आणि त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

इतक्या लांब येऊन पहिल्या तासातच निकाल लागला होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. नकार देताना हा माणूस जराही आडूनआडून बोलला नव्हता. पिल्लाचं ओझं डोक्यावरून उतरलं आणि मी एकदम पाहुणी झाले.

बोरी

माणिकरावांच्या घराला फाटक आहे, पण ते लागत नाही. अंगणात कडुनिंबाखाली गोणपाटांवर सहा-सात कुत्री पसरलेली होती आणि एकाच्याही गळ्यात साखळी नव्हती. अनोळखी बाई दारात आली तर आमच्या खंड्यानं गाव डोक्यावर घेतलं असतं. इथे दोघांनी डोकं वर केलं, मैनाला माझ्याबरोबर उतरताना पाहिलं आणि पुन्हा डोकं खाली ठेवलं. मी पास झाले होते म्हणायचं.

काही कुत्र्यांचं अंग तांब्यासारखं गुळगुळीत होतं, ती कारवानी. काहींच्या कानांना आणि शेपटीला मऊ केसांची झालर, ती पश्मी. थंडीचे दिवस होते आणि या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, म्हणून जवळजवळ सगळ्यांनी जुन्या गोधडीची जाकिटं घातली होती. ती शिवणाऱ्या कौसाबाई, माणिकरावांच्या मंडळी, चुलीपुढून उठून हसत बाहेर आल्या. ठेंगण्या, तुरतुरीत, बोलायला मोकळ्या. नवरा जेवढं बोलत नाही तेवढं सगळं त्या बोलतात, त्यामुळे त्या घराचा हिशेब बरोबर जुळतो.

क्लब म्हणजे ऑफिस, पाटी, खुर्च्या असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. इथे क्लब म्हणजे कौसाबाईंची चूल आणि माणिकरावांचा शब्द. कुठल्या घरच्या कुत्रीला कुठल्या घरचा नर द्यायचा, हे कडुनिंबाखाली बसून ठरतं आणि त्याला सोयरीक म्हणतात. जवळच्या नात्यात सोयरीक चालत नाही. सुया टोचायला तालुक्याहून डॉक्टर येतात तो दिवस लग्नघराइतका गडबडीचा असतो. पिल्लू कुणाला द्यायचं हे माणिकराव ठरवतात. ज्याला मिळतं त्यानं पिल्लाच्या आईसाठी पायलीभर ज्वारी आणायची, तिच्या दुधाची आठवण म्हणून. याहून जास्त काही घेत नाहीत.

जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि येसरची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इतकी झणझणीत की मी भात कुठे आहे ते शोधू लागले. भात शेवटी आला, चमचाभर, तोंडी लावल्यासारखा. आमच्याकडे जे ताट असतं ते इथे लोणच्याच्या जागी होतं. तव्यावरच्या पहिल्या भाकरी मात्र आमच्या ताटात आल्या नाहीत. त्या कुस्करून ताकात भिजवल्या गेल्या आणि कुत्र्यांच्या जर्मनच्या भांड्यांत गेल्या. एकही कुत्रं हाक मारल्याशिवाय पुढे झालं नाही. मी कौसाबाईंना म्हटलं, ही माझ्या नवऱ्यापेक्षा शहाणी आहेत.

त्यांच्या शहाणपणाची मर्यादा संध्याकाळी कळली. मी हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मैना माझ्या बॅगेपाशी पोचली, चेन दातांनी उघडली आणि बोंबलांची पुडी घेऊन माळवदाच्या जिन्याखाली बसली. आम्हाला वासानं कळलं. घरात मटण शिजायचं, पण सुकी मासळी त्या गल्लीत आजवर कधी आली नव्हती. शेजारपाजारच्या बाया नाकाला पदर लावून विचारायला येऊ लागल्या की काय मेलंय. कौसाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. माणिकरावांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ते शेतावर निघून गेले. भेटवस्तू पोचली, पण चुकीच्या पत्त्यावर.

माळावर

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला कापूस वेचून रिकामी झालेली रानं, आणि मधे नुसता पिवळा माळ. इतकं आभाळ मी एका वेळी पाहिलेलं नाही. चिपळूणला आभाळ डोंगरांच्या मधे जेवढं मावतं तेवढंच असतं.

पूर्वी ही कुत्री सशामागे सोडत. आता शिकारीला बंदी आहे आणि क्लबात ती कडक पाळतात. त्याऐवजी एक जुनी मोटारसायकल उलटी करून ठेवलेली असते. तिच्या मागच्या चाकाला लांबच लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला पांढरी चिंधी. चाक फिरलं की दोरी गुंडाळत येते आणि चिंधी माळावरून उड्या मारत पळते. माणिकरावांनी मैनाचं जाकीट काढलं. तिला चिंधी दिसली.

व्हिडिओत मी जे पाहिलं होतं ते काहीच नव्हतं. मैना सुटली तेव्हा आवाज आला तो फक्त तिच्या नखांचा. पाठ कमानीसारखी वाकायची आणि सरळ व्हायची, इतकंच दिसत होतं, आणि मग ती आमच्यासमोरून गेलेलीही होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं असं मी कौसाबाईंना सांगितलं. त्यांनीही आपल्या डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, रोज बघते तरी रोज असंच होतंय.

माघारी येताना माणिकराव पहिल्यांदाच आपणहून बोलले. ही नजरेची कुत्री. गावठी कुत्रं नाकानं चालतं, हे डोळ्यानं. लांबवर काही हललेलं दिसलं की पळणार, दिसेनासं झालं की थांबणार. त्याला लांबवर दिसेल अशी जागा लागते आणि तिथवर पळायला मिळावं लागतं. या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत की ते आतून विझतं, मग त्याला दूध-तूप घाला नाहीतर सोन्याच्या ताटात जेवू घाला. हे ऐकल्यावर मला पिल्लू का नाकारलं ते नीट समजलं. आमच्या परड्यात त्याला फणसाच्या पुढचं काही दिसलं नसतं.

मेळाव्याची तयारी

मेळाव्याच्या आदल्या दिवशी घरात भट्टी पेटली. मी बुंदी पाडायला बसले आणि कौसाबाई लाडू वळायला. तेव्हा त्यांनी मला क्लबाचा एक रिवाज सांगितला. त्यामागून त्यांच्या पोटातली काळजीही बाहेर आली.

क्लबानं दिलेलं प्रत्येक कुत्रं वर्षातून एकदा मेळाव्याला आणून दाखवायचं. मालक कुत्र्याची दोरी माणिकरावांच्या हातात देतो. माणिकराव कुत्र्याला घेऊन माळावर एक फेरी मारतात. बरगड्यांवरून हात फिरवतात, पंजे बघतात, मान बघतात. सगळं ठीक असलं तर दोरी परत मालकाच्या हातात. ठीक नसलं तर ते कुत्र्याच्या गळ्यातून दोरी काढतात आणि रिकामी दोरी मालकाला देतात. कुत्रं बोरीत राहतं. कुणी कुणाला बोल लावत नाही, चारचौघांत चूक सांगत नाही. मालकाला मानानं पंगतीला बसवतात. त्यानं चूक दुरुस्त केली की माणिकराव स्वतः जाऊन बघतात आणि कुत्रं परत देतात. मागे गावातल्या एका बड्या माणसाला अशी रिकामी दोरी मिळाली होती. तो जेवला नाही. तसाच गेला आणि पुन्हा या दारात आला नाही.

आणि या वर्षी गंगाखेडहून नवाब येणार होता.

नवाब हा मैनाचाच पहिल्या वेतातला मुलगा. दोन वर्षांपूर्वी माणिकरावांच्या एकुलत्या एका लेकीचं, रेणुकाचं लग्न झालं. गंगाखेडला गोदावरीकाठी तिच्या सासरची उसाची शेती. नव्या नवरीबरोबर पाठराखीण म्हणून कुणीतरी जातं, तसा रेणुकाबरोबर नवाब गेला. पाठराखीण चार दिवसांनी परत येते, हा राहिला. नव्या घरात माहेरचं असं तिच्याजवळ तेवढंच होतं. पहिल्या वर्षी ती बाळंत होती म्हणून कुत्रं दाखवायला आणता आलं नाही. आता आणणार होती. पण फोनवर तिनं आईला सांगितलं होतं की नवाब जाड झालाय आणि त्याच्या मानेवरचे केस साखळीनं गेलेत.

मी म्हटलं, मग आजारी आहे म्हणून या वर्षीही नका आणू म्हणावं. मला वाटलं मोठा शहाणा तोडगा काढला. कौसाबाईंनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"तसं मीबी म्हणले रेणूला. ती म्हणली, आई, सगळे आणायलेत, मी कामून आणू नको?" मग लाडू पुन्हा उचलत म्हणाल्या, "ह्यांनी जावयाच्या हातात रिकामी दोरी दिली तर जावई जेवायला बसत्याल का, सांगा मला. न जेवता उठले तर माझ्या लेकीला तिकडं काय काय ऐकावं लागंल. आन् न्हाई दिली, तर पुढच्या साली ह्यांच्या हातात कोण दोरी देईल?"

माणिकरावांना माहीत आहे का, असं मी विचारलं. त्यांना माहीत होतं. दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत मात्र नव्हते. त्या रात्री जेवताना माणिकरावांनी येसरची आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही, एवढंच मला दिसलं.

मेळावा

मेळाव्याचा दिवस एखाद्या जत्रेसारखा सुरू झाला. मोटारसायकलवर मधे कुत्रं बसवून, टमटममधून, ट्रॅक्टरमधून माणसं येत होती. कुणी पागोट्यात, कुणी जीन्समध्ये. कुत्री मात्र सगळी एका घराण्यातली दिसत होती, एकमेकांना ओळखल्यासारखी, फारशी कटकट न करता. मला सगळीकडे 'चिपळूणच्या ताई' म्हणून फिरवलं गेलं. बोंबलांची बातमी माझ्या आधी पोचलेली होती.

गंगाखेडची जीप आली तेव्हा कौसाबाई तांब्या घेऊन धावल्या. जावई बालाजीराव उतरले. तिशीचे, भरल्या अंगाचे, पांढरा शर्ट, बोलायला हळू. सासऱ्यांच्या पाया पडले. मागून रेणुका उतरली, काखेत लेकरू. आणि मग नवाब. त्याला उतरवायला दोघं लागले. मैनाचा मुलगा आहे हे फक्त डोळ्यांवरून कळत होतं. बाकी सगळं पोटात गेलं होतं. गळ्याभोवती चार बोटं रुंदीचा तांबडा, बिनकेसांचा पट्टा होता, त्यावर रेणुकानं नवी लोकरी दोरी बांधली होती. माणसांनी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. या भागातली माणसं किती सभ्य आहेत ते मला तेव्हा कळलं.

फेऱ्या सुरू झाल्या. एकेक मालक पुढे होई, दोरी देई, आणि आपल्याच मुलाचा निकाल असल्यासारखा हात मागे बांधून उभा राही. माणिकराव फेरी मारून येत, दोरी परत देत, पाठीवर थाप. एका म्हाताऱ्याच्या कुत्रीची नखं वाढली होती, ती तिथल्या तिथे कापली गेली आणि दोरी परत मिळाली. शेवटी बालाजीरावांचा नंबर आला.

बालाजीरावांनी दोरी दिली. माणिकरावांनी नवाबला हाक मारली आणि चालू लागले. इतरांची फेरी होती तेवढीच फेरी, पण तिला दुप्पट वेळ लागला. नवाब मधे दोनदा बसला. माणिकराव दोन्ही वेळा त्याच्याजवळ उभे राहिले, त्याचा दम परत येईपर्यंत. बरगड्यांवरून हात फिरवला तेव्हा त्यांना बरगडी सापडत नव्हती हे लांबूनही दिसत होतं. मानेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. परत येताना त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला मनापासून वाटलं की या माणसानं आज एकदा खोटं वागावं. त्याला कुणी नाव ठेवणार नाही. मला त्यांचा रागही आला होता आणि त्याच वेळी, त्यांनी वाकू नये असंही वाटत होतं.

जावयासमोर येऊन त्यांनी दोरीची गाठ सोडली. ती रिकामी दोरी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. लग्नात जावयाला आहेर देताना करतात तशी. बालाजीरावांनी ती घेतली. वळले आणि जीपकडे चालू लागले.

कौसाबाईंचा हात माझ्या मनगटावर होता, तो इतका घट्ट झाला की मला दुखलं. रेणुका जागची हलली नाही. जीपचं दार उघडलं, आता इंजिन सुरू होणार असं सगळ्यांना वाटलं. बालाजीरावांनी दोरी सीटवर ठेवली, दार लावलं, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन हात धुतले आणि येऊन पंगतीच्या पहिल्या पाटावर बसले. मागोमाग बाकीचे आणि त्यांच्या शेजारी मीही बसले.

मी गेली कित्येक वर्षं पंगती वाढते आहे, पण एखादा माणूस जेवायला बसला म्हणून इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. कौसाबाई वाढायला आल्या तेव्हा त्यांच्या हातून आमटी ताटाबाहेर सांडली. बालाजीरावांनी दोन घास खाल्ले आणि समोर पाणी घेऊन फिरणाऱ्या सासऱ्यांना उद्देशून बोलले.

"मामा, आमच्याकडं चौफेर ऊस. उसात ह्याची नजर कुठं जाती? एकदा उसात घुसला, रानडुकरानं फाडला असता. तवापासून रेणूनंच बांधला, भ्यानं. बांधून बांधून खाऊ घातलं." मग भाकरी मोडत म्हणाले, "तोड झाली की सडकंकडच्या तुकड्यात खोडवा ठेवत न्हाई. मोकळं सोडतो. तुमी बघायला या."

उसाच्या पट्ट्यातला शेतकरी एका कुत्र्यासाठी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर येणारं दुसरं पीक, सोडतो म्हणाला, याचा अर्थ माझ्याआधी पंगतीतल्या इतरांना कळला. एक-दोघांचे घास हातातच राहिले. माणिकरावांनी तांब्या खाली ठेवला.

"मोकळं करा. मी येतो," ते म्हणाले. "तवर ह्याला मी पळवतो."

नंतर कितीतरी वेळ माळावर नुसता गलका होता. लाडू संपले. मैना नवाबला हुंगून गेली आणि तिला तो ओळखू आला की नाही, यावर वाद झाला.

निघताना

उन्हं कलली तशी रेणुकानं लेकराला टोपरं घातलं. नवाब तिच्या आधी जीपमध्ये चढायला निघाला, पुढचे दोन पाय पायरीवर. दिवसभर न रडलेली रेणुका तेव्हा रडली. माझ्यावरच बांधून ठेवायची वेळ आली, आता सोडून जायचीही माझ्यावरच, असं काहीसं ती नवाबला सांगत होती. तिनं स्वतः त्याला खाली उतरवलं आणि गळ्यात दोरी नसल्यामुळे हातानं धरून आईपाशी आणून दिलं.

गावाकडून सडकेला जाणारा रस्ता माळावरून सरळसोट जातो. झाड नाही, वळण नाही. जीप जाताना लांबपर्यंत दिसणार होती आणि नवाबला दिसली की तो पळणार. त्या वजनानं, त्या दमानं पळाला असता तर कुठेतरी पडला असता. त्याला पुन्हा बांधायचं म्हणजे तर त्याच मानेवर. कौसाबाईंनी जास्त विचार केला नाही. त्या मातीत फतकल मारून बसल्या, नवाबचं तोंड मांडीत घेतलं आणि त्याच्या डोळ्यांवरून आपला पदर ओढला. पदर नीट बसावा म्हणून स्वतःही त्याच्यावर ओणव्या झाल्या.

रेणुकानं नमस्कार केला तो आईच्या पाठीलाच. बालाजीरावांनी मला नमस्कार केला. जीप निघाली.

नवाब आवाजानं चुळबुळला. कौसाबाई त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. माणिकराव रस्त्याच्या कडेला उभे होते, हात न हलवता. मी कौसाबाईंच्या जवळ उभी होते.

"गेली का ओ ताई?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

मी म्हटलं, अजून दिसतेय.

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. अजून दिसतेय, मी म्हटलं. जीप लहान होत होती, पण रस्ता संपत नव्हता. मला वाटत होतं, यांना सांगावं, तुम्ही उठा, बघा लेकीकडे, कुत्र्याला मी धरते. पण नवाब मला ओळखत नव्हता आणि माझ्या हातात राहिला नसता. हे त्यांनाही माहीत असणार.

मग धुळीचा एक ठिपका राहिला आणि तोही उताराला लागून मावळला.

"गेली," मी म्हणाले.

कौसाबाईंनी पदर बाजूला केला, आणि दोघांनी एकदमच मान वर करून रस्त्याकडे पाहिलं.